कऱ्हाडचा निकाल फिरला असता तर…

कर्जत तालुक्यात शिवारातल्या गप्पा ‘जर’नेच सुरू होतात. परतीचा पाऊस झाला तर ज्वारी. कुकडीचे आवर्तन वेळेवर सुटले तर ऊस. इथून निघणाऱ्या दिवाळी अंकाने यंदा ‘जर-तर’ हाच विषय घेतला, तो त्यामुळेच.

मतमोजणीतला ‘जर’ही कर्जतकरांनी अनुभवला आहे. २०२४ च्या विधानसभेला कर्जत-जामखेडमध्ये रोहित पवार राम शिंदे यांच्याविरुद्ध अवघ्या १,२४३ मतांनी जिंकले. महिन्याच्या आत शिंदे विधान परिषदेचे सभापती झाले. अमेरिकेत १९६० साली पावणेसात कोटींहून अधिक मते पडली आणि केनेडी-निक्सन यांच्यात सव्वा लाखाचेही अंतर नव्हते. निक्सन जिंकले असते तर क्युबाचा पेच कसा सुटला असता, याचा तिथे आजही खल चालतो.

महाराष्ट्राचा असा प्रश्न १९५७ चा.

द्विभाषिक मुंबई राज्याची ती पहिली निवडणूक. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे गड कोसळले आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमधून कसेबसे निवडून आले. ते पडले असते तर? सरकार काँग्रेसचेच राहिले असते. गुजरात, विदर्भ, मराठवाड्याच्या बळावर ३९६ पैकी २३४ जागा तिच्याकडे होत्या. पण मराठी मुलखाचा रोष दिल्लीच्या गळी उतरवणारा माणूस सत्तेत उरला नसता. १९६० चा १ मे कदाचित लांबला असता. चीन युद्धानंतर संरक्षणमंत्रीही दुसराच कुणी झाला असता.

तरीही मराठी राज्य टळले असते, असे हा अंक मानत नाही. चव्हाणांच्या शब्दाला दिल्लीत वजन आले, ते समितीला पडलेल्या मतांमुळे. त्यात नगर जिल्ह्याचा वाटा मोठा होता: त्याच वर्षी अहमदनगरने र. के. खाडिलकरांना आणि कोपरगावने शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या बापू चंद्रसेन कांबळे यांना लोकसभेत धाडले. हे दोघेही समितीच्या बाजूचे. एक नेता हरला असता, तरी ही मते पुसली गेली नसती.

तेव्हा पहिल्यांदा मत दिलेली माणसे आज नव्वदीला टेकली आहेत. यंदा फराळाला बसताना नातवंडांनी त्यांना १९५७ बद्दल विचारावे, आणि ती सांगतील ते वहीत उतरवून ठेवावे.