शिकाऊ डॉक्टरला माणूस समजा, तरच रुग्णाला न्याय

9 ऑक्टोबर 2024 रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यात आपल्या बुलढाण्याचे नाव होते. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यातला गंभीर रुग्ण आजवर 'रेफर'ची चिठ्ठी हातात घेऊन अकोल्याच्या सर्वोपचारला किंवा औरंगाबादच्या घाटीला जात आला. संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या सातपुड्याच्या पायथ्याची बाळंतीण असो, की खारपाण पट्ट्यातला किडनीचा रुग्ण असो, अर्धी लढाई रस्त्यावरच व्हायची. आता डॉक्टर आपल्या मातीत घडणार आहेत. आम्हाला याचा आनंद आहे. आपल्या वस्तीतली लेकरेही तिथे शिकतील, याचा त्याहून जास्त आनंद आहे.

परंतु आम्ही परिचारिका म्हणून अनेक वर्षे वॉर्डात काढली आहेत. म्हणून एक प्रश्न आजच विचारावासा वाटतो. या शिकाऊ डॉक्टरांना तिथे कसे वागवले जाईल?

कुणी म्हणेल, हा प्रश्न त्यांचा, आपला काय संबंध? संबंध सरळ आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मोठे डॉक्टर सकाळी राऊंडला येतात, औषधे ठरवतात, शस्त्रक्रिया करतात. मात्र रात्री दोन वाजता रक्त घेणारा, टाके घालणारा, रक्तपेढीकडे धावणारा, श्वास लागलेल्या म्हाताऱ्याच्या उशाशी उभा राहणारा बहुतेक वेळा इंटर्न किंवा रेसिडेंट असतो. पैसेवाला माणूस खाजगीत जातो. सरकारी खाटेवर शेतमजूर असतो, आदिवासी असतो, आपला माणूस असतो. म्हणजे गरिबाचा जीव प्रत्यक्षात शिकाऊ डॉक्टरच्या हातात असतो. तो हात उपाशी, झोपेने जड झालेला आणि अपमानाने थरथरणारा असेल, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

एक रात्र आम्ही विसरू शकत नाही. एका शिकवणाऱ्या रुग्णालयात आम्ही रात्रपाळीला होतो. प्रसूती वॉर्डात एक इंटर्न मुलगी आदल्या दिवशी सकाळपासून उभी होती. दोन बायांच्या रक्ताच्या नळ्यांवर तिने नावाच्या पट्ट्या उलट्या चिकटवल्या. नळ्या रक्तपेढीकडे जाण्याआधी आमच्या लक्षात आले, आम्ही त्या फेकल्या आणि पुन्हा रक्त घ्यायला लावले. चुकीच्या गटाचे रक्त चढले असते तर काय झाले असते, हे सांगायची गरज नाही. सीनियर आले आणि रुग्णांच्या देखत त्या मुलीला म्हणाले, "कोट्यातून आलं की असंच होतं." ती काही बोलली नाही. दहा मिनिटांनी एका बाळंतिणीच्या सासूने काहीतरी विचारले, तर ती तिच्यावर केवढ्यांदा तरी खेकसली.

आणि आम्ही काय केले? आम्ही गप्प राहिलो. नळ्या पकडल्या, पण ते वाक्य पकडले नाही. चूक झाली ती झोप नसल्यामुळे, आणि दोष दिला गेला जातीला. तीस तास जागलेल्या कुठल्याही जातीच्या माणसाच्या हातून ती चूक झाली असती, एवढे एक वाक्य आम्ही बोलू शकलो असतो. त्या रात्री जिच्यावर ती मुलगी खेकसली, तीच सासू पहाटे आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सिस्टर, त्या डॉक्टरीणबाईले कोनी जेवली काय म्हनून इचारलं काय?" निरक्षर बाईला जे दिसले, ते आम्हा शिकलेल्यांना दिसले नव्हते.

बाबासाहेबांनी आपल्याला श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगितली. त्या उतरंडीत प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असते, म्हणून वरच्याविरुद्ध कुणी बोलत नाही. रुग्णालयातही अशीच उतरंड आहे. प्राध्यापक सीनियरला बोलतात, सीनियर ज्युनियरला, ज्युनियर इंटर्नला, इंटर्न सिस्टरला, सिस्टर मावशीला. सगळ्यात खाली खाटेवरचा रुग्ण असतो आणि त्याच्या खाली कुणीच नसते. त्यामुळे वॉर्डात रुग्णाला सन्मान हवा असेल, तर ही साखळी मध्येच कुठेतरी तोडावी लागेल. शिकाऊ डॉक्टर ही त्यातली मधली कडी आहे.

पायल तडवी हे नाव आपण विसरलेलो नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली ही डॉक्टर मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. 22 मे 2019 रोजी तिने आपले जीवन संपवले. वय अवघे 26. तीन सीनियर डॉक्टरांनी जातीवरून टोमणे मारले, छळ केला, प्रसूती आणि शस्त्रक्रियेच्या कामापासून दूर ठेवले, असा आरोप झाला. अॅट्रॉसिटी कायदा आणि रॅगिंगविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. कुटुंबाचे म्हणणे असे की, घरच्यांनी आधीच तक्रार केली होती. दोष कुणाचा हे न्यायालय ठरवेल. पण तक्रार कानावर येऊनही संस्था वेळेत हलत नाही, तेव्हा काय होते, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. त्याच वर्षी पायलची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी एकच होती. उच्च शिक्षणातल्या जातिभेदाविरुद्धचे नियम कागदावर राहू नयेत.

हे काही एकाच रुग्णालयाचे दुखणे नाही. दिल्लीच्या एम्ससारख्या नामवंत संस्थेत डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने 2007 साली अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी त्रासामुळे वसतिगृहात ठराविक भागात एकत्र राहायला लागले होते. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत भेदभाव होतो, अशी त्यांची तक्रार होती. लेखी पेपरावर नाव नसते, तोंडी परीक्षेत मात्र आडनाव समोर बसलेले असते. जात नेहमी शिवी देऊनच बोलत नाही. "तुझा नीटचा स्कोर किती?" असे हसत विचारूनही ती बोलते. शस्त्रक्रियेला कुणाला उभे करायचे आणि फायली कुणाला लिहायला लावायच्या, यातूनही ती बोलते. ज्याला शिकायला मिळालेच नाही, त्याच्यावर उद्या "याला येत नाही" असा शिक्का मारणे सोपे असते.

आता तासांचे बोलू. 1946 साली बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यातल्या कामगारांचे आठवड्याचे कमाल तास 54 वरून 48 वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले. रेसिडेंट डॉक्टरांसाठी केंद्र सरकारने 1992 साली जे निर्देश काढले, त्यातही सर्वसाधारणपणे आठवड्याला 48 तास आणि सलग 12 तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको, असेच म्हटले होते. प्रत्यक्षात काय झाले? 2024 साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त काम नको, अशी शिफारस केली. 74 ही मर्यादासुद्धा सुधारणा म्हणून सुचवावी लागते, यावरून चालू स्थितीचा अंदाज यावा. 2023 च्या पदव्युत्तर नियमांत आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला 20 दिवसांची पगारी रजा लिहिली आहे, पण तास मात्र 'वाजवी' एवढेच म्हटले आहेत. वाजवी म्हणजे किती, हे ठरवणारा माणूस ड्यूटी लावणाराच असेल, तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जिचा बळी गेला, ती शिकाऊ डॉक्टरही प्रदीर्घ ड्यूटीनंतर सेमिनार हॉलमध्ये विसावली होती.

यावर जुनेजाणते डॉक्टर दोन गोष्टी म्हणतात. पहिली, "आम्हीही असेच शिकलो, हाल सोसल्याशिवाय डॉक्टर घडत नाही." मेहनत हवीच, त्याबद्दल वाद नाही. आपल्या मुलांना मेहनत नवी नाही. ती बापाबरोबर कापूस वेचून, विहिरीवरून पाणी आणून शिकली आहेत. पण मेहनत वेगळी आणि मानहानी वेगळी. मानहानीने हात कुशल होत नाही, तो घाबरट होतो. आणि घाबरलेला शिकाऊ चूक लपवतो, मदत मागत नाही. रुग्णासाठी त्याच्याइतके धोकादायक दुसरे काही नाही.

दुसरी गोष्ट अशी, "तास कमी केले तर रुग्ण कोण पाहणार?" हा प्रश्न खरा आहे. सरकारी रुग्णालयात जागा रिकाम्या असतात हे आम्ही जाणतो. पण मग जागा भरा. डॉक्टर भरा, परिचारिका भरा, तंत्रज्ञ भरा. शिकायला आलेल्या लेकराला रिकाम्या खुर्चीवर बांधून ठेवणे हा त्यावर उपाय नाही.

इथे आपल्या समाजालाही आरशात पाहावे लागेल. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एका रेसिडेंटला नातेवाइकांच्या जमावाने इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी लागणारा तज्ज्ञ तिथे नाही, दुसरीकडे न्यावे लागेल, एवढेच त्याने सांगितले होते. तज्ज्ञ नेमणे हे त्याच्या हातात होते काय? 2010 च्या कायद्याने अशा हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण आम्ही कायद्याच्या भीतीने बोलत नाही. औषध नसेल, तज्ज्ञ नसेल, तर जाब रुग्ण कल्याण समितीला विचारा, अधिष्ठात्यांना विचारा, आमदारांना विचारा. जो रात्रभर तुमच्या माणसासाठी जागा आहे, त्याची कॉलर धरू नका.

बुलढाण्याचे महाविद्यालय नवे आहे. पहिल्या तुकडीला इंटर्नशिप सुरू व्हायला अजून अवधी आहे. जुन्या संस्थेत वाईट चाली मोडाव्या लागतात. इथे त्या पडूच न देणे शक्य आहे. म्हणून आमच्या मागण्या आत्ताच मांडतो.

एक, ड्यूटीचा तक्ता आणि शस्त्रक्रियेला कोण उभे राहणार याची यादी भिंतीवर लागावी. कुणाला किती रात्री आणि किती शस्त्रक्रिया मिळाल्या, हे सगळ्यांना दिसले पाहिजे. भेदभाव अंधारात वाढतो.

दोन, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या नियमावलीप्रमाणे समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमला जावा, त्याचे नाव वसतिगृहात लावले जावे. तक्रार 60 दिवसांत निकाली काढायची, असे त्यात म्हटले आहे.

तीन, 1999 च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायद्याप्रमाणे तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. टाळाटाळ केली, तर तो गुन्ह्याला साहाय्य करणारा मानला जातो. हे कलम प्रत्येक विभागात लावावे.

चार, रात्रपाळीच्या डॉक्टर व परिचारिकांसाठी आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली, स्वच्छतागृह आणि गरम जेवण. यासाठी वेगळ्या कायद्याची गरज नाही.

पाच, या समित्यांवर परिचारिका असाव्यात. वॉर्डात काय घडते हे सिस्टरला सगळ्यांच्या आधी कळते. आमच्या परिचारिका भगिनींना सांगणे आहे, आम्ही गप्प राहिलो तसे तुम्ही राहू नका.

आणि आईवडिलांनो, शिकणाऱ्या लेकराचा फोन आला की आधी मार्क विचारू नका. झोपलास का, जेवलीस का, कुणी त्रास देते का, हे विचारा. "सोडून यावंसं वाटतं" असे ते म्हणाले, तर 'एवढा पैसा लावला' हे शब्द तोंडातून काढू नका. ऐकून घ्या, जाऊन भेटा. मन फार खचले असेल, तर टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र कधीही बोलता येते.

विहारातल्या रविवारच्या बैठकीत हा विषय घ्या. या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना जेवायला बोलवा. ती कुठल्याही जातीची असोत, घरापासून दूर आलेली लेकरे आहेत. उद्या रात्री दोन वाजता आपली आई त्यांच्याच समोर खाटेवर असेल. त्या सासूने आम्हाला विचारलेला प्रश्न आपण सगळ्यांनी विचारायला लागू या, "डॉक्टर, तुम्ही जेवलात काय?"