आधी मनीचं घड्याळ, मग विमानाचं तिकीट

‘मांजराला डायबिटिस? आता एवढंच ऐकायचं राहिलं होतं!’ विषय निघाला की दहापैकी आठ जणी हेच म्हणतात. आणि त्या मांजराला विमानानं अमेरिकेला न्यायचं की नाही, असा प्रश्न एखाद्या घरात पडलाय म्हटलं, की मग हसू आवरत नाही. पण मैत्रिणींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. आपल्या जिल्ह्यात नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, कुठेही जा. मुलं शिकून बाहेर गेलेली, घरात दोघं म्हातारी आणि सोबतीला मुलांनीच कधीतरी आणलेलं मांजर, अशी घरं गल्लोगल्ली दिसतात. माणसांबरोबर मांजरंही म्हातारी होतात, आजारी पडतात. आणि मग एक दिवस परदेशातून फोन येतो, ‘आई, तुला यावं लागेल.’

सावेडीतल्या माझ्या ओळखीच्या एका काकूंना असाच फोन आला. लेक न्यू जर्सीत, पहिलंच बाळंतपण. घरात अकरा वर्षांची मनी. तिला दोन वर्षांपासून सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला इन्सुलिन टोचावं लागतं. काकांचा हात थरथरतो, त्यामुळे दोन्ही वेळची सुई काकूंच्याच हातात. नातेवाइकांनी सल्ले दिले. एक म्हणाला, ‘घेऊन जा बरोबर, हल्ली सगळे नेतात.’ दुसरा म्हणाला, ‘देवळापाशी सोडून द्या, मांजर काय, कुठंही जगतं.’ ‘मांजरासाठी लेकीचं बाळंतपण टाळणार का?’ हा टोमणा तर ठरलेलाच. काकूंची झोप उडाली. लेकीकडे जायचंच होतं, पण मनीची काळजी वाटते असं म्हणायचीही चोरी!

देवळापाशी सोडण्याचं आधी बोलते. इन्सुलिनवर असलेलं मांजर बाहेर सोडणं म्हणजे त्याला हालहाल होऊन मरायला सोडणं. इंजेक्शन बंद झालं की साखर चढत जाते, मांजर खाणं सोडतं, उलट्या होतात आणि पुढे ते बेशुद्ध पडतं. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, उपाशीतापाशी हाल होतील अशा तऱ्हेनं प्राण्याला टाकून देणं हा गुन्हा आहे. दंड मात्र त्याच काळातला, पहिल्या वेळेला दहा ते पन्नास रुपये! त्यामुळे कायद्याच्या भीतीनं कुणी थांबेल असं नाही. थांबायचं ते आपल्याच मनाला विचारून.

मी काही डॉक्टर नाही, कला शाखेची पदवीधर बाई. पण हे प्रकरण समोर आल्यावर जाणकारांना विचारून, वाचून जे कळलं ते सांगते. मांजरांचा मधुमेह बराचसा माणसांच्या टाईप दोनसारखा असतो. वय झालेली, वजन वाढलेली, घरातच बसून असलेली मांजरं, त्यातही नसबंदी झालेले बोके, यांना तो जास्त होतो. मांजर सारखं पाणी पितं, लघवी वाढते, खाऊनही वाळत जातं. काहींच्या मागच्या पायांतलं बळ जाऊन ती टाचा टेकवून चालायला लागतात. मांजर मूळचं मांसाहारी, पिष्टमय अन्न त्याला मानवत नाही. आपल्याकडे तर दूध-पोळी नाहीतर दूध-भाकरी हेच त्याचं जेवण! चांगली गोष्ट अशी, की लवकर निदान झालं, इन्सुलिन वेळेवर मिळालं आणि आहार बदलला, तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही. पण तोवर दर बारा तासांनी इंजेक्शन चुकवून चालत नाही. मनीचं घड्याळ म्हणते ते हेच.

आता हे घड्याळ प्रवासात लावून बघा. जिल्ह्यात काकडीला शिर्डीचं विमानतळ २०१७पासून सुरू आहे, पण अमेरिकेसाठी आपल्याला मुंबई-दिल्ली गाठावीच लागते. नगरहून मुंबई रस्त्यानं अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पाच-सहा तास. विमानतळावर तीन-चार तास आधी पोचायचं. थेट विमान मिळालं तरी पंधरा-सोळा तास. उतरल्यावर रांगा, सामान, लेकीचं घर. सगळं मिळून सव्वीस-सत्तावीस तास होतात. तेवढ्यात दोन इंजेक्शनं नक्की, कदाचित तीन. आणि मांजर सामानाच्या कक्षात असेल, तर ती द्यायला तिथं कुणी नसतं. पोटात अन्न गेलं की नाही, ते तोल जाऊन पडलंय की नुसतं झोपलंय, हे कुणाला कळणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मधुमेही मांजर न्यायचंच असेल तर ते आपल्या पायाशी, केबिनमध्येच हवं. तशी परवानगी प्रत्येक कंपनी देत नाही. देशातल्या देशात एअर इंडिया घेते, अकासा नोव्हेंबर २०२२पासून घेते, इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही. परदेशी मार्गांवर प्रत्येकाचे नियम वेगळे. फोनवरच्या ‘हो, चालेल’वर विसंबू नका, लेखी घ्या.

देशांचे नियम तर आणखी वेगळे. अमेरिकेत मांजराच्या प्रवेशासाठी केंद्राची रेबीज प्रमाणपत्राची अट नाही, पण राज्याची किंवा विमान कंपनीची असू शकते. आणि प्राणी आजारी दिसला तर तिथं तपासणी करून घ्यायला लावतात, तीही आपल्या खर्चानं. युरोपात भारतातून मांजर न्यायचं तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी आणि ते रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. ब्रिटनची रीत बरीचशी अशीच, शिवाय विमानानं येणारं मांजर तिथं मालवाहतुकीतूनच आलं पाहिजे. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट नेताच येत नाही, आधी दुसऱ्या मान्य देशात काही महिने ठेवावं लागतं. परत येताना भारतातही प्राणी संगरोध कार्यालयाची ना-हरकत लागते. म्हणजे बाळंतपणासाठी पाच महिने जाऊन यायचं, तर कागदांची दोन वेळा धावपळ आणि मनीला दोन वेळा सव्वीस तासांचा वनवास.

वेळेचंही गणित आहे. उन्हाळ्यात आपल्या आणि न्यूयॉर्कच्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक असतो. आपल्याकडचे सकाळचे सात म्हणजे तिथले आदल्या रात्रीचे साडेनऊ आणि संध्याकाळचे सात म्हणजे तिथले सकाळचे साडेनऊ. तिथं वेळ बदलावीही लागत नाही! लंडनला मात्र आपले सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात रात्रीचे अडीच. मग डॉक्टरांना विचारून वेळ थोडी थोडी सरकवावी लागते. एक डोस चुकला तर बहुतेक वेळा निभावतं, पण घाबरून दोनदा दिला तर जिवावर बेततं. प्रवासाच्या भीतीनं मांजराची साखर आपोआप चढते, म्हणून विमानात आकडा जास्त दिसला तरी मनानं डोस वाढवायचा नाही. ‘प्रवासाआधी उपाशी ठेवा’ हा सरसकट सल्लाही अशा मांजराला चालत नाही. पोट रिकामं आणि पूर्ण इन्सुलिन, असं झालं तर साखर एकदम उतरते. गुंगी, थरथर, तोल जाणं, झटके ही त्याची लक्षणं. अशा वेळी हिरड्यांना मध चोळायचा, तोंडात पाणी ओतायचं नाही आणि लगेच डॉक्टर गाठायचा. झोपेचं औषधही स्वतःच्या मनानं देऊ नका, विमानप्रवासात ते घातक ठरू शकतं.

आणि एक फार महत्त्वाचं, सिरिंजचं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं, मिलिलिटरला चाळीस युनिटचं आणि शंभर युनिटचं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या, चाळीसची लाल टोपीची, शंभरची नारिंगी टोपीची. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजनं दिलं तर डोस अडीचपट होतो! दोन युनिटच्या जागी पाच. चार-साडेचार किलोच्या जिवाला हे केवढं होईल! अमेरिकेत माणसांसाठी सरसकट शंभरच्याच सिरिंज मिळतात, प्राण्यांची काही इन्सुलिनं मात्र चाळीसची असतात. म्हणून इन्सुलिन आणि त्याच्या सिरिंज इथूनच, जोडीनं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत न्यायच्या. मोठ्या बॅगेत टाकल्या तर खाली थंडीनं इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं कामाचं राहत नाही. बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवतानाही बाटली बर्फाला चिकटू द्यायची नाही.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग नेऊच नये का? तर तसं नाही. कायमचं जायचं असेल, मुलांकडे राहायलाच चालला असाल, तर न्यावं, जरूर न्यावं. मात्र तयारी सहा महिने आधी सुरू करावी. २०२२मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, तेव्हा आपली विद्यार्थी मुलं जीव मुठीत धरून परत आली आणि काहींनी कुत्री-मांजरंही छातीशी धरून आणली. सरकारनंही तेव्हा खास बाब म्हणून कागदपत्रांचे नियम सैल केले. त्या मुलांना कुणी वेडं म्हटलं नाही. पण ती परत न जाण्यासाठी निघाली होती. चार-सहा महिन्यांसाठी जायचं आणि यायचं, हे वेगळं. तिथं ‘मला तिच्याशिवाय करमत नाही’ म्हणून मांजर नेणं हे आपल्या मनाचं समाधान झालं, मांजराच्या नव्हे. मांजराला जागेची माया मोठी. त्याची उशी, त्याची खिडकी आणि वेळेवर सुई, एवढ्यावर ते आपल्याशिवायही राहतं.

पण सुई टोचणार कोण? इथंच घोडं अडतं. आपल्या जिल्ह्यात गायीला कमी नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं फुले त्रिवेणीसारखी संकरित गाय दिली, दूध संघ उभे राहिले, गाय बसली तर डॉक्टर गोठ्यात येतो. मांजराला मात्र साखर तपासायला नेलं तर कधी कधी डॉक्टरच चकित होतात. त्यांचा दोष नाही, सगळी व्यवस्थाच गोठ्यासाठी उभी राहिली. पण एक गोष्ट आपल्याकडे भरपूर आहे. मी बचत गटांबरोबर काम करते, तिथल्या कितीतरी बायका सासू-सासऱ्यांना रोज इन्सुलिन टोचतात, ते फ्रिजमध्ये नीट ठेवतात, साखर उतरली तर काय करायचं हे त्यांना पाठ असतं. काकूंना हाच मार्ग सापडला. शेजारची एक सून सासऱ्यांना इन्सुलिन देतेच. ती महिनाभर रोज येऊन काकूंच्या देखत मनीला टोचायला शिकली, डॉक्टरांकडे दोनदा बरोबर गेली. फुकट नाही हं, महिन्याचे पैसे ठरवून. काकूंनी वही घालून दिली, वेळ, डोस, किती खाल्लं, कशी वागली. काका रोज त्यात सही करतात. काकू लेकीकडे निश्चिंत गेल्या.

गावागावांत ‘उमेद’च्या पशुसखी शेळ्या-कोंबड्यांची काळजी घेतात. शहरात म्हाताऱ्या कुत्र्या-मांजरांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अशा सखी का तयार होऊ नयेत? बायकांना काम मिळेल आणि मागे राहिलेल्या जिवांना आधार. पशुवैद्यकीय दवाखान्यांनी आणि महिला मंडळांनी मनावर घेतलं, तर चार दिवसांचं शिबिर काही अवघड नाही.

शेवटी घरातल्या पुरुषांना आणि मुलांना एक सांगणं. मांजर हौसेनं तुम्ही आणता, आजारी पडलं की ते आईचं होतं. मग आईला कुठं जायचं म्हटलं की ‘मांजराचं काय?’ हा प्रश्नही आईनंच सोडवायचा. हे बरोबर नाही. घरात निदान दोघांना सुई देता आली पाहिजे. आणि परदेशातल्या लेकीनं-लेकानं आईचं तिकीट काढण्याआधी फोनवर एवढं जरूर विचारावं, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला कोण देणार? त्याचं नाव ठरलं, की मग खुशाल तिकीट काढा.