मौनातली रोजनिशी

इव्ह कोंगार (१९०४-१९९५) हे फ्रेंच डॉमिनिकन संन्यासी म्हणजे विसाव्या शतकातील कॅथलिक धर्मचिंतनातले एक फार मोठे नाव. त्यांच्या ग्रंथांची यादी लांबलचक आहे. तरीही माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे लेखन ग्रंथांत नसून रोजनिश्यांत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात लिहिलेली आपली रोजनिशी २००० सालापूर्वी प्रसिद्ध होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. २००२ मध्ये ती दोन जाडजूड खंडांत आली. आदरणीय धर्मपुरुषाच्या कागदांत इतका संताप सापडल्यावर एखादा श्रद्धाळू वाचक अवघडला असेल, तर त्यात नवल नाही.

लिहिण्याची ही सवय आईने लावलेली. बेल्जियमच्या सीमेजवळचे सेदाँ हे त्यांचे गाव १९१४ मध्ये जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले, तेव्हा दहा वर्षांच्या इव्हने आईच्या सांगण्यावरून वहीत युद्धाची हकीकत लिहायला घेतली. मधूनमधून चित्रेही काढली. ती वही १९९७ मध्ये पुस्तकरूपाने आली. जर्मनांनी गावच्या वस्तीतले कॅथलिक चर्च जाळले आणि शेजारच्या प्रॉटेस्टंट पाळकाने आपले प्रार्थनामंदिर कॅथलिकांना वापरायला दिले. विभागलेल्या ख्रिस्ती पंथांनी एकत्र यावे हा ध्यास आपल्या मनात तिथे रुजला, असे कोंगार पुढे सांगत. १९३७ मध्ये त्यांनी याच विषयावर ग्रंथ लिहिला. दुसऱ्या महायुद्धातली पाच वर्षे जर्मन कैदेत गेली.

खरी परीक्षा मात्र स्वकीयांनी घेतली. चर्चमधील खरी आणि खोटी सुधारणा यांचा विचार करणारा त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये निघाला आणि १९५२ मध्ये त्याच्या भाषांतरांवर व नव्या आवृत्तीवर रोमने बंदी घातली. १९५४ मध्ये त्यांचे अध्यापन काढून घेतले. त्यांच्याबरोबर त्यांचे गुरू मारी-दोमिनिक शन्यू यांच्यावरही कारवाई झाली. कोंगार यांची रवानगी आधी जेरुसलेमला, मग काही काळ रोमला, पुढे केंब्रिजला झाली. आरोप काय, हे कुणी नीट सांगेना. न्यायालयही नाही, निकालपत्रही नाही. वरून आलेला निरोप तेवढा पाळायचा. त्यांनी तो पाळला. संघ सोडला नाही, वर्तमानपत्रांत ओरड केली नाही.

या आज्ञापालनाचा गौरव बराच होतो. मला तो निम्माच पटतो. कारण याच वर्षांतली त्यांची रोजनिशी (१९४६ ते १९५६ या काळातली, तीही त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली) उघडली, की मुकाट सोसणारा साधू तिथे भेटत नाही. भेटतो तो अपमानाने पोळलेला, एकाकी, कधी रडणारा माणूस. सप्टेंबर १९५६ मध्ये आईच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त केंब्रिजहून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की यांनी मला शरीराने मारले नाही एवढेच. बाकी माझे सारे काही संपवले. सिद्धांतशुद्धतेवर पहारा ठेवणाऱ्या होली ऑफिस या रोममधील कार्यालयाच्या भिंतीवर आपण लघवी केल्याची नोंदही त्यांच्या या कागदांत आहे! एखाद्या चरित्रकाराने ती खुशाल गाळली असती. ती गाळू नये, या मताचा मी आहे. जिभेने दिलेले वचन आणि लेखणीने नाकारलेली शरणागती ही दोन्ही एकाच माणसाची. त्यातले एकच जपून ठेवले तर त्याच्या सोसण्याची किंमत आपल्याला कळत नाही, आणि ज्यांनी सोसायला लावले ते फुकट सुटतात.

आक्षेप उघड आहे. रोजनिशीतली मते रागाच्या भरात लिहिलेली असतात. ज्यांच्याविषयी लिहिले ते उत्तर द्यायला हयात नसतात. परिषदेच्या रोजनिशीत रोमच्या धर्मपंडितांवर केलेले काही शेरे मला स्वतःला अन्यायाचे वाटतात. पण म्हणूनच कोंगार यांनी घातलेली कालमर्यादा मला शहाणपणाची वाटते. त्यांनी कागद जाळले नाहीत आणि जिवंत प्रतिस्पर्ध्यांच्या तोंडावर फेकलेही नाहीत. ते मागे ठेवले आणि वाट पाहायला सांगितले. आज त्यांचे कागद पॅरिसमध्ये डॉमिनिकन संघाच्या संग्रहात आहेत. अभ्यासकाने एका नोंदीसमोर दुसरी ठेवून ती तपासावी.

ही तपासणी कुठे उपयोगी पडते, ते परिषदेच्या बाबतीत दिसते. १९६० मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी याच बहिष्कृत माणसाला परिषदेच्या पूर्वतयारीसाठी सल्लागार नेमले. १९६२ ते १९६५ या काळातील परिषदेच्या दस्तऐवजांची भाषा शांत, एकमुखी. जणू सगळे आधीच ठरले होते. रोजनिशीत मात्र रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या समित्या, खोडलेली वाक्ये, मज्जाविकाराने चालणे अवघड झालेले पाय दिसतात. ७ डिसेंबर १९६५ च्या नोंदीत आपला हात कोणकोणत्या मसुद्यांना लागला, याची यादीच त्यांनी दिली आहे: चर्चविषयक, प्रकटीकरणाविषयीचा, ख्रिस्ती ऐक्याचा, धर्मस्वातंत्र्याचा, मिशनकार्याचा, धर्मगुरूंविषयीचा. वसईच्या चर्चमध्ये मराठीतून मिस्सा ऐकणाऱ्यालाही ही परिषद परकी नाही. उपासनेत लोकभाषांना वाट तिनेच १९६३ मध्ये करून दिली. तो मसुदा कोंगार यांच्या यादीत नाही, हेही सांगायला हवे.

१९६५ च्या आरंभी एका बैठकीत क्रॅकोच्या तरुण आर्चबिशपांचा प्रभाव पडल्याची नोंद कोंगार यांनी केली आहे. ते आर्चबिशप कारोल वॉयतिला पुढे दुसरे जॉन पॉल झाले आणि त्यांनीच १९९४ मध्ये कोंगार यांना कार्डिनल केले. तोवर कोंगार नव्वद वर्षांचे होते. पॅरिसमधील 'एंव्हालिद' या जुन्या सैनिकांच्या रुग्णालयात ते दहा वर्षे अंथरुणाला खिळलेले होते. रोमला जाणे शक्य नव्हते. जिथे एकदा आरोपी म्हणून हजर राहावे लागले, तिथून मानाची टोपी त्यांच्या खाटेपर्यंत पाठवण्यात आली. पुढच्याच जूनमध्ये ते गेले.