पोलादाच्या पोटात

आम्ही मराठीचे मास्तर. पोलादाशी आमचा संबंध विळी-अडकित्त्यापुरता! तरी परवा भाचीच्या प्रयोगशाळेत जाण्याचा योग आला. बाईसाहेब भलत्याच गंभीर होत्या. एका बिलेटचा अहवाल संध्याकाळपर्यंत द्यायचा होता आणि गिऱ्हाइकाचा ट्रक दारात उभा होता.

वाचकहो, बिलेट म्हणजे पोलादाची लांब चौकोनी कांडी. पूर्वी वितळलेले पोलाद साच्यात ओतून सुटे ठोकळे करीत. आता पाण्याने गार ठेवलेल्या, तांब्याच्या बिनबुडाच्या साच्यात ते वरून ओततात आणि सोऱ्यातून चकली पडावी तशी लाल कांडी खालून अखंड ओढतात. वरून थिजलेली, आत अजून पातळ!

भाचीने कडेचा एक व गाभ्याचा एक असे दोन तुकडे घासून आरशासारखे केले होते. अल्कोहोलात शेकडा 2 नायट्रिक आम्ल घालून केलेल्या द्रावणात ते क्षणभर बुडवून तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले.

"मामा, आधी कडेचा बघा."

पांढऱ्या फरशीचे वेडेवाकडे तुकडे आणि मधूनमधून काळपट ठिपके. पांढरे ते फेराइट, म्हणजे जवळजवळ शुद्ध लोखंड. ठिपके पर्लाइटचे, या पोलादात कार्बन शेकडा 0.1, म्हणून ते थोडेच. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने 1863-64 च्या सुमारास पोलाद असे प्रथम न्याहाळले. मोत्याच्या शिंपल्यासारख्या झळाळीवरून पुढे पर्लाइट हे नाव पडले. लोखंडाच्या पोटी मोती! भाषेच्या मास्तराला एवढे पुरे होते.

गाभ्याच्या तुकड्यात मात्र ठिपक्यांची दाटी होती, शिवाय बारीक पोकळ्या. सरबत गोठवताना कडेला फिका बर्फ धरतो आणि गोडी मधल्या रसात उरते, तसेच हे. आधी थिजणारे पोलाद कार्बन, मँगनीज, फॉस्फरस, गंधक यांना आत ढकलते. शेवटी थिजणाऱ्या गाभ्यात ही मंडळी गोळा होतात.

"याची तार ओढली तर इथेच तुटेल," ती म्हणाली.

"अहवालाला कडेचाच फोटो लावा की," असे तिचे वरिष्ठ दोनदा सुचवून गेले. तेही बिचारे ट्रककडे बघत होते.

तिने दोन्ही फोटो लावले. खाली लिहिले : पुढच्या वेळी पोलाद कमी तापमानाला ओतावे, कांडी सावकाश ओढावी. आणि सही केली.

ट्रक रिकामा गेला. आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. वरिष्ठांनाही बोलावले होते; ते आले नाहीत.