पाडव्याला डबी रिकामी करा



पाडवा तोंडावर आला. घरोघरी सारवणं-धुणी निघाली असतील. नव्या सालाचा गडी याच दिवशी ठरतो, नवं काम याच दिवशी धरतात. मग एक जुनी सवय सोडायलाही हाच मुहूर्त का धरू नये? सवय दिसायला लहान आहे. चुलीजवळच्या कोनाड्यातली मशेरीची डबी! कुणी तिला मिसरी म्हणतं, पण वस्तू एकच.

आमच्या सासूबाईंनी चाळीस वर्षं मशेरी लावली. गेल्या वर्षी एका सकाळी आमची चार वर्षांची नात चुलीतली राख बोटावर घेऊन, भिंतीला टेकून, डोळे मिटून दात घासत बसली होती. अगदी पणजीसारखी! मी ओरडले, तर म्हणाली, "मलाबी तरतरी येऊ दे की." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी डबीला हात लावला नाही.

आपण म्हणतो, मशेरी दातांसाठी असते. दात तर सकाळी आणि रात्री घासायचे असतात. मग दुपारी, संध्याकाळी डबी कशाला लागते? तव्यावर भाजून काळी केली तरी ती तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि त्याचीच तलफ येते. दुखरा दात घटकाभर बधिर होतो, पण आतली कीड तशीच राहते. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली. दातांना ती गुणकारी असती, तर बंदी कशाला केली असती?

घरात गर्भार सून-लेक असेल तर जास्तच जपा. आईनं लावलेल्या मशेरीतलं निकोटिन नाळेवाटे बाळापर्यंत पोचतं. बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. अडीच किलोच्या आतलं बाळ जगवताना माउलीची किती तारांबळ होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मशेरी भाजताना होणारा धूरही घरातल्या पोराबाळांच्या छातीत जातो.

आता सोडायची कशी? दिवसाच्या चार खेपा असतील, तर पाडव्यापर्यंत एकेक कमी करा. सकाळची शेवटी सोडा. नवी मशेरी भाजू नका. पहिले तीन-चार दिवस जड जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, कामात मन लागत नाही. पण एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात तांब्याभर पाणी प्या, बडीशेप तोंडात टाका, नाहीतर शेजारणीच्या दारात जाऊन दोन शब्द बोला. पुष्कळजणी म्हणतात, मशेरीशिवाय पोट साफ होत नाही. ती पोटाला लागलेली सवय आहे. सकाळी उठल्याबरोबर पेलाभर कोमट पाणी घ्या, जेवणात पालेभाजी ठेवा. हळूहळू पोट वळणावर येतं. दातांना कडुलिंबाची कोवळी काडी पुरे.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल किंवा तोंड पुरतं उघडत नसेल, तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. सरळ दवाखान्यात दाखवा. सोडताना आधार हवा असेल, तर सरकारचा १८००-११-२३५६ हा नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत.

घरच्या कारभाऱ्यांनाही एक सांगणं आहे. बायकोनं डबी ठेवावी आणि तुम्ही तिच्यापुढंच चुना-तंबाखू मळत बसावं, हे बरं नव्हे. दोघांनी मिळून सोडलीत, तर दोघांनाही सोपं जाईल.

आमच्या सासूबाई पाचव्या दिवशी चुकल्या बरं का! शेजारणीकडून चिमूटभर मागून आणली. रात्री स्वतःच सांगितलं आणि सकाळी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागल्या. एकदा पाय घसरला म्हणून कुणी वाट सोडत नाही. अजूनही जेवण झालं की हात कोनाड्याकडं जातो, असं त्या म्हणतात. पण डबीत आता बडीशेप असते, आणि ती मागायला पणती पुढं असते.

यंदा कडुलिंबाचा पाला खाताना तुमच्या डबीचंही ठरवून टाका.

तुमची,
ताई