क्षणायुषी वस्तूंचा जमाखर्च

दसरा उलटला की परभणीच्या काळ्या रानात कापसाच्या वेचणीला जोर चढतो, मानवत, सेलू, जिंतूर, पाथरी येथील जिनिंगच्या आवारांत गाड्यांची रांग लागते, आणि त्याच सुमारास आश्विन वद्य त्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य दाखवून आपण आरोग्यदेवता धन्वंतरीचे पूजन करतो. शेतातील या कापसाचा आणि त्या देवतेच्या कार्याचा संबंध किती निकटचा आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या वर्षीच्या अंकाच्या प्रारंभी आम्ही ज्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, तो सणाच्या दिवसांत काहींना रुक्ष वाटण्याचा संभव आहे. कापसाचा बोळा, गॉजची घडी, सिरिंज आणि सुई, सलाईनची नळी, रबरी हातमोजे, कॅथेटर, मास्क अशा ज्या वस्तू रुग्णालयात एकदाच वापरून टाकून द्यावयाच्या असतात, त्यांच्याविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. या क्षणायुषी वस्तूंचा जमाखर्च रुग्णालय किती सचोटीने ठेवते, यावर त्याची खरी योग्यता ठरते. आणि तो जमाखर्च चुकला तर त्याची वसुली सर्वांत गरीब रुग्णाकडून होते, असे आमचे नम्र परंतु निश्चित मत आहे.

प्रथम कापसाचेच पाहू. बोंडातून निघालेला कच्चा कापूस पाण्यावर टाकला तर तो तरंगत राहतो, कारण त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा सूक्ष्म लेप असतो. सरकी काढून साफ केलेला हा कापूस दाबाखाली कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळून, हायड्रोजन पेरॉक्साइडने शुभ्र करून, वारंवार धुऊन, वाळवून आणि पिंजून जेव्हा गुंडाळीच्या रूपाने निळ्या कागदात येतो, तेव्हा त्याची परीक्षा एका साध्या कसोटीने होते: पाण्यावर सोडताच तो दहा सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे. जो बुडत नाही तो जखमेतील रक्त व पू शोषून घेणार नाही, सबब तो रुग्णालयाच्या कामाचा नाही. या कामास आखूड व जाड धाग्याचा देशी कापूस विशेष उपयुक्त समजला जातो, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने याच प्रयोजनासाठी काढलेल्या देशी वाणास ‘फुले धन्वंतरी’ असे अन्वर्थक नाव दिले आहे. आमची परभणी तर गावराणी कापसाची जुनी भूमी. हैदराबाद संस्थानाने १९१८ साली येथे मुख्य प्रयोगक्षेत्र स्थापन केले, १९७२ साली येथेच कृषी विद्यापीठ उभे राहिले, आणि अमेरिकन संकरित व पुढे बीटी वाणांनी रान व्यापले तरी देशी कापसाच्या संशोधनाची परंपरा येथे खंडित झाली नाही. तेव्हा हा विषय परभणीकरांना परका मानता येणार नाही.

एकदा वापरलेली वस्तू पुन्हा वापरू नये, किंवा वापरावयाचीच असेल तर ती पूर्ण निर्जंतुक केल्याखेरीज वापरू नये, हा नियम आज सर्वांस सोपा वाटतो. परंतु तो मनुष्यजातीला फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस टोचण्याचे काम चालू होते. लस मुंबईहून, डॉ. वाल्देमार हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेतून गेलेली होती. एका बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, तो कार्बोलिकच्या पाण्यात केवळ बुचकळून पुन्हा त्याच कामास लावण्यात आला, आणि त्या एका बाटलीतून ज्यांना लस मिळाली ते १९ लोक धनुर्वाताने मृत्यू पावले. दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला गेला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले, आणि त्यांची निर्दोषता प्रस्थापित होण्यास १९०७ साल उजाडले. ज्यांचे नाव आज मुंबईची थोर संस्था धारण करते, त्या शास्त्रज्ञाची कारकीर्द आणि त्याहून कितीतरी मोलाचे १९ जीव, जमिनीवर पडलेल्या एका चिमट्यामुळे गेले.

पुढे काचेच्या सिरिंजा उकळून वापरण्याचा काळ आला. उकळण्याची शिस्त जेथे होती तेथे त्यांनी उत्तम सेवा दिली. जेथे नव्हती तेथे अनर्थ झाला. इजिप्तमध्ये गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बिलहार्झिया रोगाच्या निर्मूलनासाठी सरकारने गावोगाव इंजेक्शने दिली, आणि नीट निर्जंतुक न केलेल्या त्या सिरिंजांतून हिपॅटायटिस सी या यकृतरोगाचा फैलाव लक्षावधी लोकांत झाला. एका व्याधीचे निवारण करावयास गेलेल्या हातांनी दुसरी व्याधी पेरली. प्लास्टिकची सिरिंज आल्यावर हा धोका संपावयास हवा होता, परंतु २००९ साली गुजरातेतील मोडासा येथे हिपॅटायटिस बी रोगाची जी जीवघेणी साथ उद्भवली, तिच्या मुळाशी वापरलेल्या सिरिंजांचा पुनर्वापरच निघाला. हाच धोका ओळखून आपल्या लसीकरण कार्यक्रमात मात्र २००५ पासूनच अशी सिरिंज आणली गेली होती, की जिचा दट्ट्या एकदा दाबल्यावर अडकून बसतो आणि कोणी कितीही ओढला तरी मागे येत नाही. मनुष्याच्या सदिच्छेवर जे सोपविणे धोक्याचे होते ते वस्तूच्या घडणीवरच सोपविण्यात आले.

तथापि, वस्तू कितीही निर्दोष असली तरी ती वेळेवर हाताशी नसेल तर तिचा गुण निष्फळ होय. सरकारी रुग्णालयाचा अनुभव असलेल्या प्रत्येकास ती लहानशी चिठ्ठी परिचित आहे, जी हातात देऊन ‘हे बाहेरून घेऊन या’ असे सांगितले जाते. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील एखादा शेतमजूर आपल्या आईला घेऊन मध्यरात्री येतो, आणि सलाईनचा सेट, हातमोज्यांचे दोन जोड व गॉजचे पुडके यांसाठी रस्त्यापलीकडच्या मेडिकलपुढे खिसा चाचपत उभा राहतो, तेव्हा शासनाच्या खरेदीदफ्तरातील प्रत्येक विलंब त्याच्या अंगावर येऊन पडलेला असतो. महाराष्ट्रात ही खरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे देण्यात आली, पुढे २०२३ साली कायदा करून स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आमच्या शेजारच्या नांदेड येथील शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती; औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. त्या वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु भांडार भरलेले होते की रिते होते, याविषयी जनतेस संशय घेण्यास जागा उरावी, हीच गोष्ट आम्हांस असह्य वाटते. तुटवडा असतो तेथेच पुनर्वापराचा मोहही जन्म घेतो.

वापरानंतरची जबाबदारीही तितकीच मोठी आहे. २०१६ च्या नियमांनुसार रक्ताने माखलेला कापूस व गॉज पिवळ्या पिशवीत, नळ्या, हातमोजे व सुईविरहित सिरिंज लाल पिशवीत, सुया व पाती टोचून फुटणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात गेली पाहिजे. वॉर्डातील मावशी व मामा हे काम रोज करतात. त्यांनी उचललेल्या पिशवीत एखादी उघडी सुई राहून गेली, तर रोग प्रथम त्यांच्या हातात शिरतो आणि पुढे उकिरड्यावर भंगार वेचणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचतो. वस्तूंची उधळपट्टी व्हावी असे आम्ही म्हणत नाही. गोळीने भागत असता इंजेक्शनचा आग्रह धरणाऱ्या आम्हा रुग्णांचाही या कचऱ्यात वाटा आहेच.

परभणीस आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभले आहे आणि येथे नवी पिढी वैद्यकाचे धडे गिरवीत आहे, हे परम समाधानाचे आहे. आमची मागणी एवढीच, की प्रत्येक सरकारी रुग्णालयाने व प्राथमिक आरोग्य केंद्राने आपल्या भांडारातील या वस्तूंची शिल्लक दरमहा दर्शनी फलकावर लावावी, स्थानिक खरेदीचे अधिकार व तरतूद वेळेपूर्वी द्यावी, आणि शस्त्रक्रियेच्या कापसाचा उद्योग देशी कापसाच्या या प्रदेशात उभा करण्याची तजवीज शासन व विद्यापीठ यांनी संगनमताने नव्हे, सहकार्याने व सर्वांसमक्ष करावी. नव्या यंत्राच्या उद्घाटनास जे लोकप्रतिनिधी अगत्याने येतात, त्यांनी वर्षातून दोनदा भांडाराचे दार उघडून आतील फळ्या डोळ्यांखालून घालाव्यात.

दिवाळीच्या रात्रीही ज्यांची पाळी चुकत नाही त्या परिचारिका, डॉक्टर व सफाई कर्मचारी यांना आमचे विशेष अभिवादन. सर्व वाचकांस ही दीपावली व येणारे वर्ष निरामय जावो, आणि ज्यांना रुग्णालयाची पायरी चढावी लागेल त्यांच्या हातात चिठ्ठी न पडो, ही धन्वंतरीचरणी प्रार्थना.

— संपादक
परभणी