सहाय्यक द्या, पण कोणाचा?

गोंदियाहून डोंगरगडकडे निघालेली रेल्वे सालेकसा सोडून जंगलात शिरते, तेव्हा दरेकसा येते. हावडा-मुंबई हा देशातला मोठा लोहमार्ग येथून जातो. मात्र बहुतेक गाड्या न थांबता निघून जातात. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी देशभरातला गोंड समाज येथे उतरतो. एरवी शासनाला या गावाची आठवण बंदोबस्तापुरतीच होते.

वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रे गोळा करण्यासाठी आम्ही तिकडे गेलो होतो. सातबारा आणि पुराव्यांचे बोलून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, "वकीलसाहेब, डॉक्टर नाही भेटत तं त्याच्या हाताखालचा तरी पाठवा जी." आम्ही निरुत्तर झालो. पुढे लक्षात आले, की म्हाताऱ्याने मागितले ते काही वेडेपणाचे नव्हते. जगात याच मागणीतून एक आख्खा व्यवसाय उभा राहिला आहे. त्याचे नाव फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांचा प्रशिक्षित सहाय्यक.

त्याचा जन्म अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात झाला. १९६५ साली ड्यूक विद्यापीठातील डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चार माजी सैनिकांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यातले तिघे उत्तीर्ण झाले. सैन्यात या माणसांनी जखमींना वाचवले होते. घरी परतल्यावर मात्र त्या कौशल्याला कागदाचा आधार नव्हता. स्टेड यांनी तो दिला. याआधी त्यांनी परिचारिकांना असेच पुढचे शिक्षण देऊन पाहिले होते. परंतु परिचर्या शिक्षणाच्या संस्थेने मान्यता नाकारली.

इतिहास इथेच संपवतात. आमच्या वाचकांनी जरा मागे जावे. त्याच राज्यातल्या गार्लंड या खेड्यात डॉ. अमोस जॉन्सन यांच्या दवाखान्यात हेन्री ली ट्रेडवेल नावाचा कृष्णवर्णीय माणूस काम करीत असे. वैद्यकीय शाळेचे त्याने तोंड पाहिले नव्हते. जॉन्सन यांनी त्याला हाताशी धरून शिकवले आणि डॉक्टर बाहेरगावी असताना दवाखाना त्याच्या भरवशावर चालू लागला. ड्यूकच्या डॉक्टरांना हे ठाऊक होते. गोऱ्यांची आणि काळ्यांची बसायची जागा वेगळी असण्याचा तो काळ! पुढे १९६८ साली प्रेंटिस हॅरिसन हे औपचारिक शिक्षण घेतलेले पहिले कृष्णवर्णीय सहाय्यक झाले. १९७० साली जॉइस निकोल्स उत्तीर्ण झाल्या. या व्यवसायातली पहिली स्त्री, आणि तीही कृष्णवर्णीय! त्यांनी पुढे खेड्यातल्या दवाखान्यात काम केले. काम आधी करायचे आणि मान्यता मागाहून झगडून मिळवायची, हा क्रम आपल्याला शिकवावा लागत नाही.

आपल्याकडे काय झाले? आपल्याकडे असा वर्ग पूर्वीच होता. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून एलएमपी डॉक्टर बाहेर पडत. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा देशातल्या सुमारे ४७ हजार डॉक्टरांपैकी जवळपास ३० हजार असे परवानाधारक होते. समितीने एकाच दर्जाचा डॉक्टर हवा म्हणून ते शिक्षण बंद करण्याची शिफारस केली. काही सदस्यांनी विरोध नोंदवला, पण तो चालला नाही. एकच दर्जा, हे तत्त्व म्हणून आम्हाला मान्यच आहे. परंतु नवा डॉक्टर शहरात राहिला आणि खेड्याच्या वाट्याला ना हा आला ना तो.

फिजिशियन असिस्टंट हे नाव भारतात आले १९९२ साली, मद्रास मेडिकल मिशनमध्ये, डॉ. के. एम. चेरियन यांच्याकडून. ते हृदयशस्त्रक्रियेसाठी! अमेरिकेत जो खेड्यातल्या दवाखान्याचा टेकू झाला, तो आपल्याकडे महानगरातल्या शस्त्रक्रियागृहात उभा राहिला.

दरेकशाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर छत्तीसगड. त्या राज्याने २००१ साली कायदा करून तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला आणि त्यातून ग्रामीण वैद्यकीय सहाय्यक तयार झाले. डॉक्टर संघटनांनी ओरड केली. तथापि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे सहाय्यक प्राथमिक उपचारांत एमबीबीएस अधिकाऱ्यांपेक्षा कमी आढळले नाहीत. आमच्यातल्या काही मित्रांना हे रुचत नाही. "आदिवासींना अर्धा डॉक्टर का?" असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसामचा २००४चा ग्रामीण आरोग्य कायदा रद्द ठरवला. न्या. भूषण गवई यांच्यासह बसलेल्या न्या. नागरत्ना यांनी निकाल लिहिला. राज्याला असा कायदा करण्याचा अधिकारच नव्हता, हे कारण. परंतु ग्रामीण नागरिकाला राहण्याच्या ठिकाणावरून कमी प्रतीची सेवा देता येणार नाही, हेही त्यात स्पष्टपणे आले.

आमचे म्हणणे मात्र थोडे वेगळे आहे. सहाय्यक हा कमी दर्जाचा असतो असे नव्हे. तो कोणाचा तरी सहाय्यक असतो. अमेरिकेत त्याच्यामागे परवानाधारक डॉक्टर उभा होता, चूक झाली तर जबाब देणारा. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचे कलम ३२ही तेच सांगते. प्राथमिक व प्रतिबंधक सेवेपुरती मोकळीक, एरवी डॉक्टरची देखरेख. जेथे डॉक्टरची खुर्चीच रिकामी, तेथे देखरेख कोण करणार? उपकेंद्रात बसवलेला कंत्राटी समुदाय आरोग्य अधिकारी रात्री अडला तर फोन कोणाला लावणार? रुग्ण दगावला तर आरोपी तोच होणार, हे वकील म्हणून आम्ही खात्रीने सांगतो. आणि दहा वर्षे काम करूनही त्याला वर चढायला पायरी नसेल, तर बलुतेदारीत आणि यात फरक तो काय?

म्हाताऱ्याला द्यायला आमच्याकडे अजून उत्तर नाही. तूर्त माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे. सालेकसा तालुक्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि उपकेंद्रातल्या माणसाने अडचणीच्या वेळी कोणाला विचारावे याचा लेखी आदेश असल्यास त्याची प्रत द्यावी. मुदत तीस दिवसांची आहे.